आधी राब, मग आवणी

घरातल्या क्रुसामागे गेल्या वर्षीची झावळी खोचलेली असेल. झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून आणलेली. आता ती वाळून कोळ झाली असेल. राखेच्या बुधवारआधी ती देवळात नेऊन द्या. अशाच झावळ्या जाळून आपल्या कपाळावरची राख तयार होते.

वसईकडच्या जुन्या शेतकऱ्याला ही राख समजावून सांगावी लागत नाही. उपवासकाळ येतो त्याच दिवसांत भाताचा राब भाजायचा असतो. शेण, पालापाचोळा, पेंढा, वर मातीचा थर आणि मग जाळ. तणाचं बी जळतं. राख मातीला खत होते. पण भाजून झाल्यावर लगेच कोणी भात पेरत नाही. पावसाची वाट पाहतात.

हे ध्यानात ठेवा. बाहेरच्या पुस्तकांत ईस्टर म्हणजे बर्फ वितळून फुटलेले कोंब. आपला ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दिवसांत कधीही येतो. विहिरी आटू लागलेल्या, माती भेगाळलेली. ईस्टर झाला तरी मनात काही हिरवं दिसत नसेल, तर आपलं काही चुकलं असं समजू नका. राब भाजून झालाय, एवढंच.

उपवासाचे दिवस 40. मधले रविवार मोजत नाहीत, म्हणून पंचांगात ते 46 भरतात. तेवढ्यात सगळं आयुष्य सुधारायला जाऊ नका. एक-दोन गोष्टी धरा.

मटण-मासळी सोडलीत, चांगलं. वाचलेले पैसे डब्यात टाका. ईस्टरआधी ते कोणाच्या तरी औषधपाण्याला द्या. नाहीतर तो उपवास नव्हे, नुसती काटकसर.

बांधावरून भावाशी बोलणं बंद असेल तर याच दिवसांत सुरू करा. पहिल्याच भेटीत वाद मिटणार नाही. मिटवायला जाऊही नका. ‘जेवलास का?’ एवढं विचारा आणि परत या.

मग पाऊस येतो. पेंटेकॉस्टनंतर देवळात सामान्य काळ लागतो. मधले सण सोडले तर आगमनकाळापर्यंत, जवळजवळ सहा महिने, फादर मिस्साला हिरवा झगा घालतात. हा रंग ठरला दूर रोमला. पण खिडकीबाहेरच्या शेताशी तो आपल्याकडेच असा जुळतो, याची मला दरवर्षी गंमत वाटते.

याच काळात आपण ढिले पडतो. मोठा सण नाही, बाहेर चिखल, छत्री उलटी होते. म्हणून मोठे संकल्प नकोत. संध्याकाळी दिवा लागला की टीव्ही बंद करून दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र प्रार्थनेला बसा. कोणी जांभई दिली तर देऊ द्या.

मुलगा मिस्साला येत नाही म्हणून त्याला रोज टोचू नका. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूनं एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसं वाढलं ते त्याला कळतही नाही. पेरणाऱ्यानं रात्री झोपावं, हे आईबापांना फार जड जातं. मलाही गेलं.

आणि आवणी. रोप राबातून उपटायचं, जुड्या बांधायच्या, दुसऱ्या खाचरात रोवायचं. रोवल्यावर काही दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं. जाणता शेतकरी घाबरत नाही, पाणी तेवढं सांभाळतो. तुमच्या घरात नवी सून आली असेल, मुलगी परदेशी नोकरीला गेली असेल, म्हातारी आई गावचं घर सोडून तुमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली असेल. त्यांनाही तेवढे दिवस द्या. पहिल्याच महिन्यात चुका मोजू नका. फोनवर मुलीचा आवाज बारीक वाटला तर ‘परत ये’ म्हणायची घाई करू नका, आणि ‘रडू नकोस’ही म्हणू नका. ऐकून घ्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आता कित्येकांच्या शेतावर इमारती उभ्या आहेत. लोंबी दुसऱ्याकडून मागून आणावी लागते. लाजू नका, मागा. मुलांना ती हातात धरू द्या. तांदूळ पिशवीत पिकत नाही, हे त्यांना तेव्हा कळतं.

पण आगेऱ्याला सगळ्यांचीच कोठारं भरलेली नसतात. कोणाचं पीक पावसानं झोडपलेलं असतं. कोणाच्या घरातलं माणूस यंदाच गेलेलं असतं. त्यांच्याकडे ‘देवाची इच्छा’ सांगायला जाऊ नका. नव्या तांदळाचा भात घेऊन जा. त्यांच्याबरोबर बसून जेवा. येताना भांडं तिथंच ठेवा. ते आणायच्या निमित्तानं तरी पुन्हा जाणं होईल.