दुधाचा दात पुन्हा बसवू नका

‘पडलेला दात दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे जा’ हा सल्ला आता बऱ्याच पालकांना ठाऊक असतो. सल्ला योग्यच आहे, पण तो कायमच्या दातासाठी. दोन-तीन वर्षांचे मूल तोंडावर आपटले आणि दुधाचा दात मुळासकट निघाला, तर तो हिरडीत परत बसवायचा नसतो. काही पालक मात्र घाबरून नेमके तेच करतात.

वरच्या पटाशीच्या दुधाच्या दाताच्या मुळामागे, टाळूच्या बाजूला, कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. आत दाबलेले मूळ किंवा तिथे झालेला जंतुसंसर्ग या अंकुराला इजा करू शकतो. मग सातव्या-आठव्या वर्षी येणारा दात डागाळलेला किंवा वेडावाकडा निघतो. चार-पाच वर्षांत जो पडणारच होता, त्या दातासाठी आयुष्यभराचा दात पणाला लावण्यात शहाणपण नाही. पडण्याच्या धक्क्यानेही अंकुराला इजा झालेली असू शकते. म्हणून जखम भरली तरी तपासणी सोडू नये.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी काही मिनिटे दाबून धरावी आणि दात शोधावा. कौलांवर फेकायला तो नंतरही मिळेल. आधी दंतवैद्याला दाखवावा, म्हणजे मूळ अखंड निघाले की तुकडा आत राहिला हे कळते. दात सापडलाच नाही, तर तो हिरडीत वर घुसलेला असू शकतो. त्यासाठी एक्स-रे लागतो. तो श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो. मुलाला ठसका लागत असेल, धाप लागत असेल किंवा डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी असेल, तर आधी थेट रुग्णालय गाठावे. दात मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. नुसता दात पडला म्हणून प्रतिजैविकांचा आग्रह मात्र धरू नये. आठवडाभर मऊ जेवण आणि तोंडाची स्वच्छता बहुधा पुरते.

खरा घोळ होतो सहा-सात वर्षांच्या मुलांत. त्यांच्या तोंडात दोन्ही दात असतात. नवा कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखा असतो. ओळखता येत नसेल तर तो दुधात ठेवून लगेच दवाखाना गाठावा. दुधाचा निघाला तर काही बिघडत नाही. कायमचा निघाला तर वाचू शकतो.