कृष्णधवल छपाई : आधी शाई, मग सॉफ्टवेअर

आष्ट्यासारख्या गावात फोटो स्टुडिओकडे एक काम आजही येते. वडीलधाऱ्यांचा जुना, डागाळलेला कृष्णधवल फोटो घेऊन गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘‘मोठा करून द्या, पण होता तसाच दिसू द्या.’’ प्रिंट निघते. ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हिरवट दिसते आणि बाहेर उन्हात लालसर. नाव जाते ते दुकानाचे.

कारण साधे आहे. एप्सन एल ८०५ सारख्या सहा शाईंच्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असते, करडी नसते. म्हणून निळी, गुलाबी आणि पिवळी मिसळून करडी छटा तयार होते. तोल जरा ढळला की रंग डोकावतो. बाजारातली स्वस्त शाई भरली तर तो आणखी ढळतो. अशा यंत्रावर महागडे सॉफ्टवेअर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

करड्या शाईचा प्रिंटर असेल तर तीन मार्ग आहेत. पहिला, एप्सनच्या वरच्या श्रेणीतील प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’. त्याला वेगळा पैसा लागत नाही. छटा शुद्ध करडी, थंड, उबदार किंवा सेपिया निवडता येते. दुसरा, रॉय हॅरिंग्टन यांचे ‘क्वाडटोन रिप’. सुमारे ५० डॉलरचे हे सॉफ्टवेअर आधी वापरून पाहता येते. प्रत्येक शाई किती पडावी हे त्यात आपण ठरवतो. मात्र पट्ट्या छापून, मोजून वक्र बसवण्याची चिकाटी हवी. तिसरा, ‘इमेजप्रिंट’. यात कागदानुसार प्रोफाइल तयार मिळतात, पण किंमत शेकडो डॉलरमध्ये जाते.

आमचे स्पष्ट मत असे की, गावच्या दुकानाला पहिला मार्ग पुरेसा आहे. कंपनीची शाई आणि एकच चांगला कागद ठरवून त्यावर हात बसवावा. समाधान झाले नाही तरच दुसऱ्याकडे वळावे. तिसरा मार्ग रोज प्रदर्शनाच्या प्रिंट काढणाऱ्यांसाठी आहे. महिन्याला चार-दोनच कामे येत असतील, तर दोन-तीन स्टुडिओवाल्यांनी भागीत एक प्रिंटर घ्यावा.

शेवटी एक गोष्ट. पेनड्राइव्हवरून फिरणारी चोरीची प्रत वापरू नये. आपण आपल्या हाताच्या कसबाची मजुरी मागतो. दुसऱ्याच्या कसबाचे दामही चुकवले पाहिजेत.