कच्चे मांस आणि कुत्र्याची खाज

कुत्रा सारखे पंजे चाटू लागला, कान लाल झाले, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: पाकिटातले खाद्य बंद करा, कच्चे मांस द्या. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधील पुस्तकानंतर या ‘नैसर्गिक’ आहाराचा बराच बोलबाला झाला. पण अन्नाची अ‍ॅलर्जी असते ती प्रामुख्याने प्रथिनांची. कुत्र्यांमध्ये गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू त्यात आघाडीवर. कोंबडी सोसत नसेल, तर ती कच्ची दिली काय नि शिजवली काय, खाज सुटणारच. काहींना गुण येतो, तो बाधणारा पदार्थ योगायोगाने ताटातून गेल्यामुळे.

तो पदार्थ शोधण्याची रीत कंटाळवाणी आहे. पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन ८ आठवडे द्यायचे, मग जुने अन्न देऊन पाहायचे. मध्ये बिस्किटाचा तुकडाही नाही, आजोबांनी गुपचूप दिलेलासुद्धा. त्याआधी पिसवांचा बंदोबस्त करावा. खाजेचे मूळ अनेकदा तिथेच असते.

कच्च्या मांसातला साल्मोनेला फ्रीजरमध्येही तग धरतो. कुत्रा ठणठणीत दिसतो, जंतू मात्र त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतात आणि रांगते बाळ त्याच फरशीवर असते.