नजरेची आड आणि गोळीची आड

२६ नोव्हेंबर जवळ आला की मुंबई पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटांची चर्चा नव्याने रंगते. २००८ च्या हल्ल्यानंतर हेमंत करकरे यांचे जॅकेट गहाळ झाल्याचे उघड झाले, त्याच्या दर्जाविषयी संशय व्यक्त झाला आणि खरेदीची प्रक्रियाच वादात सापडली. हा संताप रास्तच होता. परंतु त्या गदारोळात एक प्राथमिक प्रश्न बाजूला पडला. समोरून एके-४७ धडाडू लागल्यावर, जॅकेट अंगात असो वा नसो, माणसाने थांबायचे कुठे?

लष्करी कवायतीत आड दोन प्रकारची मानली जाते. एक नजरेपासूनची, दुसरी गोळीपासूनची. झुडूप, पडदा, लाकडी दार, प्रवाशांच्या बोचक्यांचा ढीग या गोष्टी माणसाला लपवतात, पण गोळी अडवत नाहीत. वाळूची पोती, दगडी भिंत, काँक्रीटचा जाड खांब गोळी अडवतात. चित्रपटांनी मात्र हा भेद पार पुसून टाकला आहे. नायक उलट्या केलेल्या टेबलामागून किंवा मोटारीच्या दारामागून खुशाल गोळीबार करतो. प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे सातशे मीटर वेगाने सुटलेली एके-४७ ची गोळी मोटारीचा पत्रा सहज भेदते. मोटारीत भरवशाची जागा म्हणावी तर इंजिनाचा ठोकळा, आणि फार तर चाकांमागचा अरुंद पट्टा. विटांची भिंतही निर्धोक नव्हे. एकाच जागी गोळ्या बसत राहिल्या तर ती ढासळू लागते.

त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली. उंच छताचे ते दालन मोकळे, आणि लांबच्या गाड्यांची वाट पाहणारे प्रवासी सामानासह जमिनीवर बसलेले. तेथे आड म्हणावी अशी जागाच थोडी होती. पोलिसांकडे लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. या जुन्या रायफलीची हेटाळणी पुष्कळ झाली. पण तिची गोळी दुबळी नाही. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावा लागतो, हा तिचा खरा दोष. म्हणजेच ती हाती असलेल्या शिपायाला दोन गोळ्यांच्या मधल्या क्षणांसाठी भक्कम आडीची गरज इतरांहून अधिक. नेमके तेच शिक्षण त्याला किती मिळाले होते?

कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत तर हा भेद क्रूरपणे समोर आला. हल्लेखोर झाडाझुडपांच्या आडोशाला, अंधारात होते. ती निव्वळ नजरेची आड. गोळी तिने अडवली नसती. पण समोरच्याला लक्ष्यच दिसत नसेल तर तीही पुरते. उलट करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे सहकारी क्वालिस गाडीत होते. पत्रा आणि काच यांनी त्यांना ना लपवले ना वाचवले. कसाबच्या हाताला जखम झाली ती या चकमकीतच. पण गाडीतला केवळ एक शिपाई जिवंत राहिला. या अधिकाऱ्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अरुंद गल्लीत, शत्रू कुठे आहे हे ठाऊक नसताना, गाडी ही सर्वांत वाईट जागा ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

आड घेण्याचेही एक तंत्र आहे. भिंतीला अगदी चिकटून राहिले तर तिच्यावर आपटून घसरत येणारी गोळी आणि उडणाऱ्या कपच्या लागतात. म्हणून थोडे मागे राहावे लागते. डोके वरून न काढता बाजूने, जमिनीलगत पाहावे लागते, आणि तेही दर वेळी त्याच जागेवरून नाही. पुढची आड हेरल्याखेरीज हातची सोडायची नसते. हे पुस्तक वाचून येत नाही. स्थानक, जिना, बाजार, रुग्णालयाचा मार्ग अशा खऱ्या जागी वारंवार सराव केला तरच ते अंगवळणी पडते.

हल्ल्यानंतर सरकारने केलेल्या गोष्टी कमी नाहीत. फोर्स वन उभी राहिली. जॅकेटांसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक २०१८ मध्ये आले. मात्र जॅकेट छातीपोटाचे रक्षण करते. मान, चेहरा, दंड, मांड्या उघड्याच राहतात. शिवाय पिस्तुलाची गोळी थांबवणारे हलके जॅकेट रायफलीच्या गोळीपुढे टिकत नाही, त्यासाठी कठीण पट्ट्यांचे जड जॅकेट लागते. ते घालून दिवसभर उन्हात उभा राहणारा शिपाई ते किती वेळ अंगावर ठेवील, याचा विचार कागदावर होत नाही.

निःशस्त्र नागरिकाचे गणित वेगळे आहे. त्याला उलट गोळीबार करायचा नसतो. त्याच्यासाठी आड म्हणजे निसटण्याच्या वाटेवरील थांबा. त्या रात्री स्थानकातील उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगितले आणि असंख्य माणसे हल्लेखोरांच्या नजरेच्या टप्प्यात येण्यापूर्वीच वळली. त्याच्या स्वतःच्या केबिनला मात्र काच होती, आणि गोळ्या तिथपर्यंतही आल्या.