आधी दाखला, मग अक्षता

आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायला तासभर उशीर होतो. मुहूर्त केव्हाच टळलेला असतो. माईकवर एक जण उभा राहून नावं पुकारत असतो. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, बाजार समितीचे संचालक, अमुक पक्षाचे तालुकाध्यक्ष हे सगळे 'वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी' आलेले असतात आणि प्रत्येकाचा शाल, फेटा, नारळ देऊन सत्कार व्हायचा असतो. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात. भटजी घड्याळाकडे बघतात. त्या गडबडीत नवरीकडे कोणी बघत नाही. बघितलं तरी एवढा मेकअप आणि एवढे दागिने असतात की वय कळू नये.

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र वय विचारलं गेलं. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं निघालं. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास होती आणि परभणीचा आकडा राज्यात सर्वांत वरचा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. इथे खरंच पहिला नंबर लागला, तेव्हा कोणी फ्लेक्स लावला नाही.

आता एक ढोबळ हिशेब मांडा. आमचा पुढारी मे महिन्यातल्या एका मोठ्या तिथीला सहा-सात मांडवांत हजेरी लावतो आणि 'या सीझनला शंभर लग्नं केली' असं अभिमानानं सांगतो. निम्म्या लेकींचं लग्न अठराच्या आत होत असेल, तर त्याच्या अक्षता किती पोरींच्या डोक्यावर पडल्या असतील? हाच माणूस 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. त्याला 'फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र' हे शब्द तोंडपाठ आहेत. मांडवातही तो भाषणात तेच म्हणतो, समोर पंधरा-सोळा वर्षांची नवरी उभी असताना.

मी शिक्षक होतो, म्हणून स्वतःला वगळून बोलायची सोय मला नाही. एका लग्नात नवरीनं वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला ओळखलं. आदल्या वर्षी ती नववीत माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिचं गणित चांगलं होतं. मी अक्षता टाकल्या, पंगतीत जेवलो, पानसुद्धा खाल्लं. वाटेत बायकोला म्हणालो, "लोक अडाणी आहेत." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, कारण या विषयावरचा पूर्वपक्ष त्याच तीन शब्दांपासून सुरू होतो.

लोक अडाणी आहेत, हे पहिलं म्हणणं. खेड्यातल्या आईला कायदा ठाऊक नाही, तिला 'जागृती' हवी, पथनाट्य हवं, भिंतीवर घोषवाक्य हवं. अहो, तिला सगळं ठाऊक आहे. अठराची अट तिला माहीत आहे. ती नसती माहीत तर कित्येक लग्नं पहाटे, शेतात, लांबच्या देवळात का लागली असती? पोटुशी पोर सरकारी दवाखान्यात न्यायला घरचे का बिचकले असते? तिथं आधार कार्ड मागतील, वय निघेल, पोलिसांना कळवतील, एवढा कायदा घरोघर पोचलेला आहे.

शिवाय त्या आईजवळ एक हिशेब आहे आणि तो तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का आहे. गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा पाच-सहा किलोमीटरवर आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास पोरीजवळ आहे, पण पाससाठी गाडीही यावी लागते. पावसाळ्यात रस्ता तुटला की गाडी बंद होते. पोरगी चालत गेली तर वाटेवर टोळकं उभं असतं. त्याची तक्रार केली तर आधी पोरीचंच नाव होतं. शिकली तर शिकलेला नवरा शोधायचा, आणि शिकलेल्या नवऱ्याचा हुंडा मोठा. त्यात गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूच्या घरातलं माणूस ऊसतोडीला जात असेल, तर दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको टोळीबरोबर निघणार आणि तरणी पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न येतो. तिला फडावर न्यावं, तर पाचटाच्या कोपीला दार नसतं. अशा वेळी आई 'उजवून टाका' म्हणते. हे तिचं अज्ञान नव्हे. उरलेल्या सगळ्या वाटा आम्ही बंद ठेवल्या, आणि जी एक उघडी ठेवली त्या वाटेनं ती गेली, एवढंच.

वरच्या पट्टीतला अडाणीपणा बघायचा असेल तर दिल्लीकडे बघा. डिसेंबर 2021 मध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय 18 वरून 21 करण्याचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. चर्चासत्रं झाली, अग्रलेख आले. पुढे ते विधेयक सतराव्या लोकसभेबरोबरच बारगळलं. जिथं अठराची रेघ पाळली जात नाही तिथं ती पुसून एकविसाला ओढायची आणि त्याला सुधारणा म्हणायचं! खर्च शून्य. गाडी सोडायला डिझेल लागतं, विधेयकाला लागत नाही.

दुसरं म्हणणं आमच्या मराठवाड्याचं खास, आणि मला ते लहानपणापासून पाठ आहे. आम्ही निजामाच्या राज्यात होतो म्हणून मागे राहिलो. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 साली झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, आमच्यापर्यंत तो वाराच आला नाही. इतिहास म्हणून यात तथ्य आहे. पण त्याच सर्वेक्षणात धुळे आणि सोलापूर या जिल्ह्यांचे आकडे चाळिशीच्या घरात आहेत. त्या दोन्हीकडे इंग्रजांचं राज्य होतं, शारदा कायदाही होता. मग तिथं कोणाच्या नावानं बोटं मोडायची? निजाम 1948 साली गेला. त्यानंतर या जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आलं, येलदरीचं धरण झालं, साखर कारखाने आले. निजामामुळे यातलं काही अडलं नाही, फक्त पोरींचंच अडलं?

तिसरं म्हणणं शहरातलं. चहाच्या टेबलावर ते फार चवीनं बोललं जातं. 'दीड हजारात विकल्या गेल्या.' जून 2024 मध्ये महिना दीड हजाराची लाडकी बहीण योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि निकाल बघून कित्येक सुशिक्षितांनी खेड्यातल्या बायांना उद्देशून हे वाक्य वापरलं. ते वापरणाऱ्यांतले काही जण महागाई भत्त्याचा हप्ता चार दिवस लांबला तर मोर्चा काढतात. पगारदार माणसानं सरकारकडून घेतलं तर तो हक्क, आणि खुरपायला जाणाऱ्या बाईनं घेतलं तर ती लाच, हा न्याय कुठला? तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर, नवऱ्याला न विचारता खर्च करता येईल असा पैसा मिळाला. तिनं तो घेतला आणि मत दिलं. उद्योगपती सवलत घेऊन देणगी देतो तेव्हा त्याला आपण व्यवहारी म्हणतो.

आणि विकलं जाण्याचीच गोष्ट काढली आहे म्हणून सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये याच परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर दंगल उसळली, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारनं देऊ केलेली दहा लाखांची मदत त्याच्या आईनं नाकारली. वडार समाजातली, कष्ट करून जगणारी बाई. ती कोर्टात गेली. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथंही हरलं. दीड हजारात कोण विकलं जातं याची चर्चा करणाऱ्यांनी दहा लाख नाकारणाऱ्या बाईसमोर बसून ती करावी.

मात्र योजनेचं खंडन मी सोडणार नाही, ते दुसऱ्या अंगानं करतो. लाडकी बहीण व्हायला वय 21 पूर्ण लागतं. आमच्या जिल्ह्यातली पोर पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न करून जाते, अठराच्या आत तिच्या कडेवर मूल येतं, आणि एकवीस होईपर्यंत ती कोणाचीच बहीण नसते. जी वर्षं तिला भावाची खरी गरज, नेमकी तीच वर्षं यादीतून वगळलेली. दुसरी योजना 'लेक लाडकी'. तिच्यात मुलीला टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार रुपये मिळतात, त्यातले 75 हजार अठरा पूर्ण झाल्यावर. कल्पना वाईट नाही. पण ती 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, म्हणजे पहिली लेक ते 75 हजार घ्यायला 2041 साली उभी राहील. आज नववीत असलेली पोर दोन्ही लाडांच्या मधल्या फटीत पडते.

चौथं म्हणणं सगळ्यांत सभ्य. 'कायदा आहे ना, तो बघून घेईल.' कायदा आहे खरा, 2006 चा. लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला हातभार लावणारा, सगळे त्यात येतात. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, तर ग्रामसेवक. आता मांडवातलं दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ग्रामसेवक दुसऱ्या रांगेत बसलेला आहे. ज्याचा सत्कार चाललाय, त्याच्या एका फोनवर या ग्रामसेवकाची बदली होते किंवा थांबते. तो उठून 'नवरीचं वय दाखवा' म्हणेल? अंगणवाडीताईनं मन घट्ट करून चाइल्डलाइनच्या 1098 वर फोन केला, तर संध्याकाळी गावाला तिचं नाव कळतं. तिला त्याच गावात राहायचं असतं, त्याच विहिरीवर जायचं असतं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, 2011 पासून. सरपंचबाई असतात, पण पहिल्या खुर्चीवर त्यांचे 'साहेब' बसतात. आणि बाईनं खरंच कारभार हाती घेतला तर काय होतं, ते जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्यानं दाखवलं. तिथल्या सरपंचबाईंना अपात्र ठरवलं गेलं आणि ते पद परत मिळवायला त्यांना 2024 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आणि आम्ही निषेध कशाचा करतो, तेही बघा. डिसेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात परभणी शहरात एका नवऱ्यानं बायकोला पेटवून दिलं. कारण, तिसरीही मुलगीच झाली. सगळ्या पक्षांनी निषेध केला. करायलाच हवा होता. पण बाई जाळल्याचा निषेध करायला काही द्यावं लागत नाही. लग्नाचं निमंत्रण नाकारायला मत गमवावं लागतं, आणि आमची नैतिकता नेमकी तिथं येऊन थांबते.

याच जिल्ह्यातलं गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. लहान वयात ती पोर आईबापापासून तुटली आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. दळण, कांडण, शेणी, पाणी. तिच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला, असं आम्ही सातशे वर्षं भरल्या गळ्यानं सांगतो. जनाबाईंच्या नावानं सभा सुरू करणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की त्याच गंगाखेडातून आज जी पोर परक्याच्या घरी राबायला जाते, तिच्या जात्याला कोण हात लावतो? विठ्ठलानं तेव्हा मंचावरून आशीर्वाद दिले नव्हते. तो खाली बसून दळायला लागला होता.

आता मंडन. ते लांबलचक नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी 1986 साली चांदवडला लाखभर शेतकरी बायका एकत्र आणल्या, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन शेतकऱ्यांना सांगितलं, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. हे सरकारी योजनेशिवाय झालं आणि कित्येक गावांत झालं. सातबाऱ्यावर आईचं नाव असलं की पोरीच्या सोयरिकीत आईच्या शब्दाला वजन येतं. आज ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल मुकादम पुरुषाच्या हातावर ठेवतो, आणि बाई एकटी असली तर ती 'अर्धा कोयता'. तिची नोंद वेगळी करा, उचल तिच्या खात्यात जाऊ द्या. तोडणीला जाणाऱ्यांच्या मुलामुलींसाठी 2021 साली संत भगवानबाबांच्या नावानं 82 वसतिगृहं मंजूर झाली. पोरीला ठेवायला कुलूप लागणारं दार असलं की तिच्या आईचा हिशेब आपोआप बदलेल. आणि सातवीनंतरच्या शाळेसाठी वेळेवर येणारी एक गाडी. इथं मी भाषण करत नाही, यादी देतोय.

पण या सगळ्याला पैसे लागतात, वेळ लागतो, असं म्हणाल. म्हणून बिनपैशाची एक गोष्ट उद्यापासून करा. आमदार, खासदार, मंत्री, सदस्य, संचालक, मुख्याध्यापक, वकील, डॉक्टर, पत्रकार, आणि माझ्यासारखे निवृत्त गुरुजी, सगळ्यांनी. पत्रिका आली की मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायचा. अठरा भरत असतील तर जायचं, नसतील तर जायचं नाही, आणि का आलो नाही ते सांगायचं. यावर आमचे एक राजकारणी मित्र मला म्हणाले, "सर, असं केलं तर पुढच्या वेळी डिपॉझिट जाईल." मी म्हटलं, एकट्यानं केलं तर जाईल. सगळ्याच पक्षांनी केलं तर कोणाचं जाणार? ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. त्यांना त्या दिवशी आणखी चार लग्नं होती.

गेल्या आठवड्यात एक पत्रिका घरी आली. सोनेरी अक्षरं, गणपतीचं चित्र. नवरदेवाच्या नावापुढे शिक्षण. नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.', नावापुढे वडिलांचं नाव, खाली गाव. त्याखाली 'प्रमुख उपस्थिती' म्हणून सव्वीस नावं. मोजली मी. मुलीच्या वडिलांना फोन लावला. तो माझा जुना विद्यार्थी. पिकाचं, पावसाचं बोलणं झालं. मग विचारलं, "पोरीचं वय काय रे?"

पलीकडे मंडपवाल्याचा आवाज येत होता, बांबू उतरवत असावेत. थोड्या वेळानं तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही या तर खरं."