प्राध्यापकांचा ताण श्वास मोजून जाणार नाही

महाविद्यालयांत हल्ली प्राध्यापकांसाठी 'ताणतणाव व्यवस्थापन' कार्यशाळा भरतात. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, असे सांगितले जाते. आम्ही बौद्ध आहोत. ध्यानाला आमचा विरोध नाही. पण दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर केल्याशिवाय दुःख जात नाही, हे तथागतांनीच शिकवले. मग या ताणाचे कारण काय?

महाराष्ट्रात त्याचे एक मोठे कारण म्हणजे तासिका तत्त्व, म्हणजेच सीएचबी. सेट-नेट, पीएच.डी. झालेली आपली मुले-मुली वर्षानुवर्षे सीएचबीवर शिकवत आहेत. घेतलेल्या तासाचेच पैसे. सुट्टी लागली की हात रिकामे. तेही मानधन महिनोन्महिने रखडते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. शेजारी बसणारा सहायक प्राध्यापक तोच अभ्यासक्रम शिकवतो. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

कुणी म्हणेल, ताण कायम प्राध्यापकांनाही आहे. आहेच. रिक्त जागांवरच्या माणसांचे काम, नॅकच्या फायली, परीक्षा, प्रवेश हे सारे उरलेल्यांच्याच डोक्यावर येते. म्हणजे दोघांच्या ताणाचे मूळ एकच आहे: न भरलेली जागा.

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, असे लिहिले आहे. नियम आहे, पण अंमल नाही.

यात जातीचा प्रश्न कुठे आला, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो: जागेची जाहिरातच निघाली नाही, तर आरक्षण कागदावरच राहते. घरी शेती नाही, दुकान नाही, अशा पहिल्या पिढीच्या पदवीधराला वर्षभर बिनपगारी तग धरता येत नाही. शिवाय पुढच्या वर्षीची नेमणूक ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर तो शिष्यवृत्तीबद्दल, जातीय वागणुकीबद्दल बोलणार कसा? चळवळीचा बोलका माणूस असा गप्प केला जातो.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पाण्याच्या भांड्यावरून तिथेही सहकाऱ्यांनी जात दाखवलीच. पण महिन्याचा पगार हाती होता. त्यातून शिल्लक टाकून, शाहू महाराज व नवल भथेना यांच्या मदतीने ते १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. आजच्या सीएचबीवाल्याने काय शिल्लक टाकावी?

म्हणून तरुण मित्रांनो, नुसती हळहळ नको. आपापल्या भागातील अनुदानित महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मंजूर पदे किती, भरलेली किती, सीएचबीवर किती, बिंदुनामावलीनुसार कोणत्या प्रवर्गाची किती रिक्त, एवढे चार प्रश्न विचारा. संस्था आपल्या विचारांची असेल, तर आधी तिलाच विचारा. बाबासाहेबांचा फोटो लावून पोरांना तासावर राबवणे आम्हाला मान्य नाही.

जय भीम!