वीसपैकी चांगले आठ

सातारा जिल्ह्यातली कितीतरी घरं मिलिटरीवाल्यांची. आमच्या आजोळी तर प्रत्येक पिढीतला एक तरी जण फौजेत. त्यामुळे गोल्फ आमच्या घरात आला तो श्रीमंतांच्या क्लबातून नाही, छावणीतून आला. माझे एक मामेभाऊ, अण्णा, नोकरीच्या सगळ्या गावी छावणीच्या कोर्सवर खेळत राहिले. आता ते निवृत्त होऊन पुण्यात राहतात. मध्यंतरी बरीच वर्षं खेळ सुटला होता, तो पुन्हा धरायचा म्हणून त्यांनी एका नव्या क्लबाचं सभासदत्व घेतलं. तिथं त्यांना पहिला प्रश्न आला, हँडिकॅप किती? जुना कधीच कालबाह्य झालेला. मग पुन्हा पहिल्यापासून कार्डं भरणं आलं.

दिवाळीत भेटले तेव्हा अण्णांनी मला हे सगळं कागदावर आकडे मांडून समजावून सांगितलं. मी सांगलीचा. माझं आयुष्य गेलं बुद्धिबळाच्या पटाभोवती आणि कुस्तीच्या मैदानांच्या कडेला. गोल्फशी माझा संबंध नाही. पण ऐकता ऐकता मला वाटलं, आमच्याकडच्या खेळांना हवी असलेली एक गोष्ट या लोकांनी फार विचार करून जपली आहे.

हँडिकॅप म्हणजे कमजोर खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. ती मिळवायला किमान 54 होल खेळून कार्डं द्यावी लागतात, म्हणजे अठरा होलचे तीन डाव, किंवा नऊ-नऊचे सहा. कार्डावर प्रत्येक होलला किती फटके लागले ते लिहायचं आणि बरोबर खेळणाऱ्यानं त्यावर सही करायची. सगळा कारभार या सहीच्या भरवशावर चालतो. 2020 पासून जगभर यासाठी एकच पद्धत आहे, त्याआधी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या होत्या. कोर्स किती अवघड आहे त्याचेही आकडे ठरवलेले असतात. त्यामुळे सोप्या मैदानावर मिळवलेला हँडिकॅप अवघड मैदानावर गेल्यावर आपोआप थोडा वाढवून मिळतो. जास्तीत जास्त सवलत 54. म्हणजे अगदी नवख्यालाही प्रत्येक होलमागे तीन फटके पदरात टाकून खेळायला उतरवतात. एखाद्या होलवर चेंडू झाडीत गेला, पाण्यात गेला, दहा-बारा फटके लागले, तरी हिशेबात ठरावीक मर्यादेपर्यंतचेच फटके धरतात. एका होलनं सगळं कार्ड नासू देत नाहीत.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. पुरेशी कार्डं जमली की शेवटच्या वीस डावांतले सर्वांत चांगले आठ निवडतात आणि त्यांच्या सरासरीवर हँडिकॅप ठरतो. उरलेले बारा डाव बाजूला. त्या दिवशी पाठ दुखत होती, वारा होता, मन घरी होतं, काहीही असो, ते बारा दिवस तुमच्या नावावर बोट ठेवत नाहीत. तुम्ही साधारण कसे खेळता हे तो आकडा सांगत नाही. तुमच्यात काय आहे ते सांगतो. त्यामुळे त्यात कडकपणाही आहे. पहिली तीनच कार्डं हातात असतात तेव्हा त्यांतलं उत्तम ते घेऊन आणखी दोन वजा करतात. एकदा चांगलं खेळून दाखवलंत की पुढं वर्षभर तो आकडा भराभर वर चढू नये म्हणून लगामही आहे. मुद्दाम वाईट खेळून सवलत वाढवणारे लोक जगात सगळीकडे असतात, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त.

आणि मग खेळ कसा होतो? सहा हँडिकॅपवाला आणि चोवीसवाला समोरासमोर आले तर फरक अठराचा. म्हणजे प्रत्येक होलवर कच्च्या खेळाडूला एक फटका माफ. आता पक्क्याला खरोखर नीट खेळावं लागतं आणि कच्च्यालाही जिंकण्याची खरी आशा असते. दोघं चार तास बरोबर चालतात. नातू आणि आजोबा, मेजर आणि सुभेदार, कोणीही कोणाशी खेळू शकतो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर सांगलीची बुद्धिबळ खेळणारी मुलं होती.

सांगलीला बुद्धिबळाचं मोठं घराणं आहे, असं मी अभिमानानं म्हणतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि आयुष्य त्यात घातलं. भाग्यश्री साठे, पुढं ठिपसे, त्यांच्या हाताखाली घडल्या. भाग्यश्रींना 1987 साली पद्मश्री मिळाली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच परंपरेतल्या. मुंबईत राहून देश गाजवणाऱ्या खाडिलकर भगिनींचं मूळही सांगलीचंच. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर त्यांचे पणजोबा. एका मध्यम गावातून एवढ्या मुली या खेळात पुढं आल्या, याचं कारण मला मंडळांच्या खोल्यांत दिसतं. तिथं शाळकरी पोरगी निवृत्त मास्तरांसमोर बसायची, बँकेतला कारकून वकिलासमोर. आणि फरक फार असेल तर मोठा खेळाडू सहज म्हणायचा, "चल, मी वजीर काढून ठेवतो." काही महिन्यांनी वजीर परत पटावर यायचा आणि घोडा निघायचा. पुढं नुसतं प्यादं. एक दिवस काहीच काढलं जायचं नाही, आणि त्या दिवशी घरी जाऊन सांगण्यासारखी गोष्ट मिळायची.

ही पद्धत फक्त आमचीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा पॉल मॉर्फी घोडा किंवा हत्ती काढून भल्याभल्यांशी खेळे. मग ती मागं पडली आणि रेटिंग आलं. मिलवॉकीत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अर्पाद एलो यांनी गणित बसवलं आणि 1970 मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ते स्वीकारलं. त्या गणिताबद्दल मला आदरच आहे. दोन खेळाडूंत दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्यानं चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असं ते सांगतं, आणि तसं घडतंही. पहिलं रेटिंग मिळवायला रेटिंगवाल्या पाच प्रतिस्पर्ध्यांशी तरी खेळावं लागतं. मार्च 2024 पासून किमान पायरी 1000 वरून 1400 केली आहे, त्यामुळे त्याखाली येणाऱ्या मुलाचं नाव यादीत दिसतच नाही.

पण रेटिंग अंतर मोजतं आणि तिथंच थांबतं. 1500 चा मुलगा 1900 च्या खेळाडूसमोर बसला तर हरेल, एवढं ते आधीच सांगून ठेवतं. त्या दोघांचा डाव रंगावा यासाठी त्याच्याकडे काही नाही. शिवाय त्यात प्रत्येक डाव मोजला जातो. तापात खेळलेला डावही. अठरा वर्षांखालच्या मुलांचे आकडे जोरानं हलतात, कारण त्यांच्या प्रगतीला वाव राहावा म्हणून गुणक 40 ठेवलेला आहे. त्याचा परिणाम असा की 1600 चं मूल 1400 च्या मुलाशी हरलं तर एका डावात तीस गुण जातात, आणि जिंकलं तर दहाही मिळत नाहीत. हे पालकांना बरोबर कळतं. मग स्पर्धेची यादी बघून ठरतं, जायचं की नाही. चांगलं रेटिंग झालेली मुलं महिनोन्‌महिने खेळत नाहीत, कारण ते टिकवायचं असतं. काही मोठी माणसं उलट करतात, कमी रेटिंगवाल्यांसाठी ठेवलेल्या बक्षिसांच्या रकमेकडे डोळा ठेवून खालीच राहतात. मूल पटावर बसतं तेव्हा त्याच्या मनात समोरचा हत्ती नसतो, आकडा असतो. मला याचं फार वाईट वाटतं. दहा वर्षांच्या पोरानं हरायला घाबरावं, यापेक्षा खेळाचं मोठं नुकसान नाही.

असमान खेळाडूंचा हा प्रश्न कुस्तीवाल्यांनी तिसऱ्याच तऱ्हेनं सोडवला. आमच्याकडच्या जत्रेच्या मैदानात आधी वजनकाटा नसे. पंच दोन पोरांना शेजारी उभं करत, खांद्याला खांदा लावून बघत, आणि जोड ठरे. बारक्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळांवर, मग इनाम चढत जायचं. बरोबरीचा गडी शोधून देणं हे त्या पंचांचं कसब. मॅटवर वजनगट आले आणि तिथं आपल्याच मातीतले गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला बँटमवेटमध्ये कांस्यपदक जिंकून आले. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पण तालमीत आतल्या आत मात्र थोरला पैलवान धाकट्याला अंगावर घेतोच, स्वतः खाली बसून त्याला डाव टाकू देतो. धाकटा त्यातूनच तयार होतो. थोरल्याची उंची त्यानं कमी होत नाही.

आज सांगलीत आणि साताऱ्यात बुद्धिबळाचे वर्ग पुष्कळ आहेत, रेटिंग स्पर्धाही होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून तर मुलींची गर्दी वाढलेली मी बघतो. माझी मागणी एवढीच आहे की मंडळांनी आठवड्यातली एक संध्याकाळ रेटिंगबाहेरच्या सवलतीच्या खेळासाठी ठेवावी. सवलतीचे डाव फिडेच्या हिशेबात धरले जात नाहीत, म्हणजे कोणाचा आकडा हलणार नाही आणि कोणाच्या पालकांना काळजी नको. यात कमीपणा वाटण्याचं काही कारण नाही. मोठ्या स्पर्धांतही निर्णायक डावात पांढऱ्याला वेळ जास्त देतात आणि काळ्याला बरोबरी पुरते. संगणकावरचं लीला नावाचं इंजिन तर घोडा किंवा वजीर काढून ग्रँडमास्टरांशी खेळतं, आणि ग्रँडमास्टर आवडीनं बसतात.

करायलाही अवघड नाही. दोघांच्या रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असेल तर वीस मिनिटांतली पाच मिनिटं पक्क्याची काढून कच्च्याला द्यावीत. चारशे असेल तर पक्क्याला पाचच मिनिटं. त्यापुढं प्यादं काढावं, मग घोडा. ज्यांना रेटिंगच नाही त्यांच्यासाठी मंडळातल्या जाणत्या माणसानं कुस्तीच्या पंचासारखं बघून ठरवावं. आणि नोंद ठेवायची झाली तर गोल्फवाल्यांची रीत घ्यावी: वहीत प्रत्येक मुलाचे शेवटचे वीस डाव लिहावेत, समोरच्याची सही घ्यावी, आणि सवलत किती कमी करायची हे त्यातल्या चांगल्या आठ डावांवरून ठरवावं. घड्याळं मंडळांकडे आहेत. निवृत्त झालेले पक्के खेळाडू दोन्ही गावांत आहेत, संध्याकाळी त्यांना वेळही असतो. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत एखाद्या मंडळानं हे सुरू केलं, तर वही आखून द्यायला आणि डाव नोंदवायला मी दर आठवड्याला येऊन बसेन.